पाचव्या वर्षी माणूस घडून संपत नाही

शाळाप्रवेशाचा हंगाम सुरू झाला की एक वाक्य चहूकडून कानावर पडू लागतं : मुलाचा ८५ टक्के मेंदू सहाव्या वर्षापर्यंत तयार होतो, तेव्हा जे काही करायचं ते आत्ताच. प्लेग्रुपच्या जाहिरातीत ते असतं, पालकत्वावरच्या व्याख्यानात असतं, घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत तर असतंच असतं. जोडीला मातीच्या गोळ्याची उपमा ठरलेली. ओला आहे तोवर हवा तो आकार द्या, एकदा भाजला की भाजला. समोर बसलेल्या आया वहीत टिपून घेतात आणि घरी जाताना पोटात भीती घेऊन जातात.

ही उपमा चुकीची आहे आणि तिच्यामागे मानसशास्त्राचा म्हणून जो आधार उभा केला जातो, तोही अर्धाच सांगितलेला असतो. पहिली वर्षं महत्त्वाची नाहीत असं मी म्हणत नाही. गरोदरपणी आईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीचं जे नुकसान होतं ते मागाहून भरून काढता येत नाही. जन्मतः बहिऱ्या बाळाला खुणांची किंवा बोलण्याची कुठलीच भाषा वेळेवर मिळाली नाही, तर पुढे भाषेचं व्याकरण त्याला कायम जड जातं. तान्ह्या बाळाची उपासमार कुठल्याही वयात भरून निघेल असं कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. माझा विरोध आहे तो यापुढच्या उडीला. पहिली वर्षं महत्त्वाची, म्हणून माणूस पहिल्या वर्षांतच ठरतो, ही ती उडी. ती तर्कात बसत नाही आणि गेल्या सत्तर वर्षांत माणसांच्या आयुष्यांचा चिकाटीने माग काढून जे संशोधन झालं, त्यातही बसत नाही.

आधी त्या ८५ टक्क्यांचं पाहू. हा आकडा २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे, त्यामुळे त्याला सरकारी शिक्का मिळाला आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं आकारमान प्रौढ मेंदूच्या बरंच जवळ पोचलेलं असतं, हे खरं. पण आकारमान म्हणजे घडण नव्हे. लहान मुलाच्या मेंदूत पेशींमधले जोड गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. वापर होईल तसे काही पक्के होतात, बाकीचे छाटले जातात. नियोजन, संयम, परिणामांचा विचार या गोष्टी कपाळामागच्या ज्या भागावर अवलंबून असतात, तिथे ही छाटणी सबंध किशोरवयात चालू राहते आणि त्या भागाची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत संपत नाही. शिवाय नवं काही शिकताना मेंदूतले जोड बदलणं तर जन्मभर चालू असतं. आकडा सांगणारा माणूस मेंदूच्या वाढीबद्दल बोलतो आणि ऐकणाऱ्या आईला तो मुलाच्या नशिबाबद्दल ऐकू येतो. ही गफलत दूर करण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची आहे, आणि तो ती पार पाडत नाही.

अमेरिकेत १९९०च्या दशकात हीच लाट येऊन गेली. तेव्हा उंदरांच्या प्रयोगांचा दाखला दिला जाई. खेळणी आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा जोड जास्त आढळले होते. त्यावरून तान्ह्या बाळांसाठी चित्रफिती, संगीताच्या सीडी आणि रंगीत पट्ट्यांचा बाजार उभा राहिला. जॉन ब्रूअर यांनी १९९९मध्ये ‘द मिथ ऑफ द फर्स्ट थ्री इयर्स’ या पुस्तकात हा सगळा पुरावा तपासून पाहिला. विल्यम ग्रीनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ज्या कामाचा आधार घेतला जात होता, त्याच कामात प्रौढ उंदरांनाही चांगल्या पिंजऱ्यात ठेवल्यावर नवे जोड तयार होताना दिसले होते. शिवाय ‘समृद्ध’ म्हणवलेला तो पिंजरा म्हणजे उंदराचं साधं नैसर्गिक जगणंच होतं. रिकाम्या पिंजऱ्याने नुकसान होतं एवढंच त्या प्रयोगातून निघतं. साध्या घरात भांड्यांशी खेळत वाढणाऱ्या मुलाचं महागड्या वर्गावाचून काही अडतं, असं त्यातून निघत नाही.

माणूस बालपणीच ठरतो, या समजुतीचं मूळ अर्थातच मेंदूशास्त्राच्या आधीचं आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी व्यक्तिमत्त्वाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत घातला जातो असं मांडलं आणि विसाव्या शतकाने ते उचलून धरलं. फ्रॉइड यांनी हे लहान मुलांकडे पाहून मांडलेलं नव्हतं. त्यांच्यासमोर असत ती प्रौढ, त्रासलेली माणसं आणि त्यांच्या आठवणी. १९०९मध्ये प्रसिद्ध झालेली ‘छोट्या हान्स’ची गाजलेली केससुद्धा मुख्यतः मुलाच्या वडिलांनी पाठवलेल्या टिपणांवर उभी आहे. दुखण्यापासून मागे मागे जात राहिलं की बालपणात काही ना काही कारण सापडतंच. कारण बालपणी काहीच दुखलं नाही असा माणूस मिळणं कठीण. पण त्याच बालपणापासून पुढे पाहत गेलं, तर हेच दुखणं उद्भवेल असं आधी सांगता येत नाही. ही अडचण फ्रॉइड यांना स्वतःला दिसली होती आणि १९२०मधल्या एका लेखात त्यांनी ती स्पष्ट लिहिलीही आहे. आजचे व्याख्याते फ्रॉइड यांचा निष्कर्ष सांगतात आणि त्यांनीच त्यावर घातलेली अट गाळतात.

पुढे जॉन बोल्बी आले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात बेघर झालेल्या मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१मध्ये अहवाल लिहिला. तान्हेपणी आईची, किंवा आईच्या जागी असलेल्या कायमच्या माणसाची, ऊब मिळाली नाही तर मुलाचं मन खुरटतं, हे त्यांनी जगाला पटवून दिलं. त्या काळी इस्पितळात दाखल झालेल्या मुलाला भेटायलासुद्धा आईबापांना आठवड्यातून एखाद-दोनदाच सोडत असत. ती रीत मोडण्यात बोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मानायला हवेत. पण १९५६मध्ये बोल्बी यांनीच मेरी एन्सवर्थ आणि इतरांबरोबर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या आत क्षयरोगाच्या सॅनिटोरियममध्ये कित्येक महिने राहावं लागलेली साठ मुलं त्यांनी शाळेच्या वयात पुन्हा पाहिली. थोडा फरक होता, पण भाकीत केलं होतं तसं काही घडलं नव्हतं. बरीचशी मुलं आपापल्या शाळेत इतरांसारखीच वावरत होती. आईपासून दुरावलेल्या मुलाचं मन कायमचं बिघडतंच, हे म्हणणं बरोबर नाही, अशी कबुली त्या निबंधात आहे. १९५१चा अहवाल सगळ्यांना माहीत असतो. १९५६चा हा निबंध मी एकाही पालक-शिबिरात ऐकलेला नाही.

हॅरी हार्लो यांच्या माकडांचंही तसंच झालं. विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेतली ती चित्रफीत मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेली असते. तारेची आई दूध देते, कापडाची देत नाही, तरी पिल्लू कापडाच्या आईलाच बिलगतं. त्यापुढचे प्रयोग फार क्रूर होते आणि आज कोणी ते करू देणार नाही. पिल्लांना जन्मापासून सहा महिने पूर्ण एकांतात ठेवलं. बाहेर काढल्यावर ती कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसत, स्वतःलाच घट्ट धरून डुलत राहत, दुसरं माकड जवळ आलं की भेदरून जात. बरोबरीच्या पिल्लांत सोडलं तर ती पिल्लं त्यांच्यावर धावून जात. सहा महिन्यांत सगळं संपलं, असा निष्कर्ष निघाला, आणि गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात.

१९७२मध्ये स्टीफन सुओमी आणि हार्लो यांनी याच गोष्टीचा पुढचा भाग प्रसिद्ध केला. त्यांनी एकांतातून बाहेर काढलेल्या पिल्लांजवळ बरोबरीची माकडं सोडली नाहीत. साध्या वातावरणात वाढलेल्या, अवघ्या तीन महिन्यांच्या माद्या सोडल्या. त्या वयाचं पिल्लू अंगावर धावून जात नाही. ते फक्त चिकटतं. मुटकुळं करून बसलेल्या माकडाच्या मागे ही छोटी पिल्लं कोपऱ्यापर्यंत गेली आणि पाठीला बिलगून राहिली. ते सरकलं की तीही सरकली. काही आठवड्यांत स्वतःला धरून बसणारं माकड त्या पिल्लाला धरू लागलं, मग त्याच्याशी खेळू लागलं. वर्षाचं होईतो त्याचं डुलणं, स्वतःला आवळणं जवळजवळ नाहीसं झालं होतं. ज्या हार्लो यांना ‘आता काही होणार नाही’ या मताचा आधारस्तंभ मानतात, त्यांनीच ते मत आपल्या हाताने बाजूला सारलं. सहा महिन्यांचं नुकसान भरून यायला योग्य सोबत मिळावी लागते, ती कशी असावी हेही त्यांनी दाखवून दिलं. मुलांबरोबर काम करणाऱ्या कोणालाही याहून मोलाची माहिती दुसरी नसेल, आणि नेमकी तीच आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही.

माकडं आणि माणसं सारखी नव्हेत, असं कोणी म्हणेल. म्हणून रुमानियाकडे यायला हवं. चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६मध्ये गर्भपातावर आणि संततिनियमनावर बंदी घातली. नको असताना जन्मलेली, पोसणं परवडत नाही म्हणून सोडून दिलेली लाखाहून अधिक मुलं सरकारी संस्थांमध्ये भरली गेली. डिसेंबर १९८९मध्ये राजवट कोसळल्यावर जगाने त्या खोल्या पाहिल्या. ओळीने लावलेल्या खाटा, त्यांत दिवसदिवस पडून असलेली, कोणी उचलून न घेतल्याने रडायचंही विसरलेली मुलं. त्यांतली काही इंग्लंडमधल्या कुटुंबांनी दत्तक घेतली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतीन वर्षांपर्यंतच्या वयात आलेल्या अशा १६५ मुलांचा माग पार तरुणपणापर्यंत काढला.

सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं जवळपास पूर्णपणे सावरली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणीही त्रास राहिला. लक्ष न लागणं, अनोळखी माणसांशी अति सलगी करणं, लोकांत मिसळताना अडणं. हे मी झाकून ठेवत नाही. पण २०१७मध्ये ही मुलं २२ ते २५ वर्षांची झाल्यावरचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, त्यात दोन गोष्टी आणखी आहेत. सहाव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांची बुद्धी फार मागे पडलेली दिसत होती, त्यांच्या गटात बौद्धिक मागासपणाचं प्रमाण तरुणपणी इतरांइतकंच, म्हणजे नेहमीसारखं झालं होतं. आणि सहा महिन्यांहून जास्त काळ त्या नरकात काढलेल्या मुलांपैकी साधारण पाचातलं एक मूल कुठल्याच तपासणीत, कुठल्याच वयात, अडचणीत आढळलं नाही. अकराव्या वर्षी जो तज्ज्ञ ‘याची बुद्धी एवढीच’ असं लिहून मोकळा झाला असता, तो चुकला असता. बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन आणि सहकाऱ्यांनी संस्थेतली मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवून जो अभ्यास केला, त्यात दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांना जास्त फायदा झाला. त्याचा अर्थ एवढाच की मुलाला संस्थेतून लवकर बाहेर काढा. उशीर झाला तर काढूच नका, असा तो होत नाही.

मानवी इतिहासातल्या सर्वांत वाईट बालपणांपैकी एक घेऊन हा पुरावा उभा आहे. मग दुपारी चार तास पाळणाघरात राहणाऱ्या मुलाच्या आईला आपण कशासाठी घाबरवतो? शाळेत समुपदेशनाचं काम करताना मला एकच प्रश्न अनेक आयांनी विचारला आहे. मुलगी नववीत गप्प गप्प असते, मैत्रिणींपासून तुटली आहे, आणि आई म्हणते, “मॅडम, ती दीड वर्षाची असताना मी नोकरीवर रुजू झाले. तेव्हाच काहीतरी बिघडलं असणार ना?” मग शाळेत काय घडलं, मैत्रिणी का तुटल्या, घरी सध्या कसं चाललं आहे, याकडे तिचं लक्षच जात नाही. सगळं बळ तेरा वर्षांपूर्वीच्या त्या एका निर्णयावर पश्चात्ताप करण्यात जातं. वडिलांनी नोकरी केली म्हणून मूल बिघडलं का, असं मात्र आजवर एकाही वडिलांनी मला विचारलेलं नाही.

आई आणि बाळातला अनुबंध, ज्याला आपण अटॅचमेंट म्हणतो, तो तरी एकदा ठरला की ठरला का? याचा तपास झालेला आहे. ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात २०००मध्ये याविषयीचे अभ्यास एकत्र आले. एव्हरेट वॉटर्स यांच्या गटाने वर्षाच्या वयात तपासलेल्या मध्यमवर्गीय मुलांना वीस वर्षांनी पुन्हा भेटून पाहिलं. अनुबंध सुरक्षित की असुरक्षित, या बाबतीत ७२ टक्के तरुण बाळपणी होते तसेच होते. जे बदलले त्यांच्यात आईवडिलांपैकी कोणाचा मृत्यू, घटस्फोट, घरातलं गंभीर आजारपण अशा घटना जास्त आढळल्या. मिनेसोटातल्या गरीब, अस्थिर घरांतल्या मुलांच्या अभ्यासात तर तान्हेपणाचा अनुबंध आणि तरुणपणाचा अनुबंध यांत लक्षणीय सातत्यच सापडलं नाही. मग सातत्य टिकतं ते कशामुळे? घर स्थिर राहिलं तर मूलही स्थिर राहतं, घर हललं तर मूल हलतं. म्हणजे ज्याला आपण बालपणाचा ठसा म्हणतो, त्यातला मोठा भाग पुढेही तशीच चालू राहिलेली परिस्थिती असते. गरीब घरातलं मूल तीन वर्षांचं असताना गरीब असतं आणि तेराव्या वर्षीही गरीबच असतं. दोष मात्र आपण पहिल्या तीन वर्षांना देतो.

हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत माग ठेवला. गरिबी, आजारपण, दारुडे किंवा मनोरुग्ण पालक अशी अनेक संकटं लहानपणीच एकत्र आलेल्या मुलांपैकी एक तृतीयांश अठराव्या वर्षी धडधाकट, कर्ती झाली होती. वर्नर यांच्या कामातला हा भाग बराच गाजला. मला त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. किशोरवयात जी मुलं भरकटली होती, गुन्ह्यांत सापडली होती, लहान वयात आई झाली होती, त्यांतली बहुतेक तिशी-चाळिशीपर्यंत मार्गाला लागली. कोणी पुन्हा शिकायला गेलं, कोणी सैन्यात गेलं, कोणाला समजून घेणारा जोडीदार मिळाला. ही दारं त्यांना विशीनंतर उघडली होती.

गुन्हेगारीबद्दल आणखी मोठा पुरावा अमेरिकेतल्या बॉस्टनचा आहे. शेल्डन आणि एलिनर ग्लुक या दांपत्याने सुधारगृहातल्या ५०० मुलांची बारीक माहिती जमवून १९५०मध्ये प्रसिद्ध केली. ते कागद पुढे हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या तळघरात पडून होते. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ते बाहेर काढले आणि त्या मुलांचा, म्हणजे आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांचा, सत्तराव्या वर्षापर्यंत शोध घेतला. जवळपास सगळ्यांनी कधी ना कधी गुन्हे सोडले होते; कोणी पंचविशीत, कोणी पन्नाशीत. कोण कधी सोडेल हे त्यांच्या बालपणीच्या माहितीवरून सांगता आलं नाही. टिकलेलं लग्न, टिकलेली नोकरी, सैन्यातली शिस्त ही वळणं मोठेपणी आलेली होती. आपल्याकडे २०१५च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयातल्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट मोकळी करून दिली. त्या वेळच्या चर्चेत ‘हा आता सुधारणार नाही’ हे वाक्य किती सहज उच्चारलं गेलं, ते आठवून पाहावं. बॉस्टनमधल्या त्या पाचशे मुलांविषयीही लोक तेच म्हणत होते.

शिकण्याच्या खिडक्या वेळेवर बंद होतात, हा यातला सगळ्यांत शास्त्रीय वाटणारा मुद्दा. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा पहिल्या काही आठवड्यांत शिवून ठेवला; नंतर टाका काढला तरी त्या डोळ्याची दृष्टी आली नाही. त्या कामाला १९८१चं नोबेल मिळालं आणि ते रास्तच आहे. पण दृष्टीच्याच बाबतीत आपल्या देशात पुढे काय झालं तेही पाहावं. एमआयटीचे पवन सिन्हा यांनी दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. जन्मतः मोतीबिंदू असलेली, गरिबीमुळे उपचार न झालेली मोठी मुलं त्यांनी शस्त्रक्रियेसाठी आणली. आठ ते सतरा वयातल्या, नुकती दृष्टी आलेल्या काही मुलांना ठोकळा आधी हाताने चाचपायला दिला आणि मग दोन ठोकळ्यांतून तोच डोळ्यांनी ओळखायला सांगितला. पहिल्या दिवशी जमलं नाही. काही दिवसांतच जमू लागलं. बारीक अक्षर स्पष्ट दिसण्याइतकी तीक्ष्ण नजर या मुलांना पुरती मिळत नाही, खिडकीचा एक भाग खरोखर बंद झालेला असतो. पण चेहरे ओळखणं, रस्ता पार करणं, वस्तू शोधणं त्यांना येतं. ‘आठव्या वर्षानंतर ऑपरेशनचा उपयोग नाही’ हे तेव्हा अनेक ठिकाणी मानलं जात होतं. त्या समजुतीपायी किती मुलांना परत पाठवलं गेलं असेल?

वाचनाचंही तसंच. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या, तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतांश स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. २०१७मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असं दिसलं की वाचन शिकल्यावर मेंदूच्या वरच्या थरांचंच नव्हे, तर फार खोल, जुन्या समजल्या जाणाऱ्या भागांचंही एकमेकांशी चालणारं काम बदललं होतं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठीच्या, सत्तरीच्या, त्याहून मोठ्याही बाया वर्गात बसल्या. त्यांच्या मेंदूचे स्कॅन कोणी काढलेले नाहीत, पण अंगठ्याच्या जागी सही आली, ती स्कॅनशिवाय दिसते.

म्हातारपणाबद्दल तर मानसशास्त्रानेही बराच काळ अन्याय केला. पियाजे यांची विचारशक्तीची शिडी किशोरवयातच संपते. एरिक एरिकसन यांनी १९५०मध्ये आठ अवस्था मांडून आयुष्याचा उरलेला भाग अभ्यासाला खुला केला. गांधीजींवर लिहायचं ठरवलं तेव्हाही त्यांनी केंद्रस्थानी बालपण घेतलं नाही. १९१८चा अहमदाबादचा गिरणी संप घेतला, गांधीजी ४८ वर्षांचे असतानाचा. त्या काळी मात्र बुद्धिमापनाचे आलेख सांगत होते की तिशीनंतर बुद्धी उतरत जाते. वॉर्नर शाय यांनी १९५६मध्ये सिएटलमध्ये पाचशे माणसांपासून सुरुवात करून दर सात वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हा गोम कळली. आधीचे लोक एकाच दिवशी तिशीतल्याची आणि सत्तरीतल्याची तुलना करत होते. सत्तरीतला माणूस शाळा कमी शिकलेला होता, वेगळ्या काळात वाढलेला होता. पिढीतला फरक वयाच्या नावावर खपला होता. एकाच माणसाचा माग काढला तर वेग लवकर कमी होतो, हे खरं. पण शब्दांची जाण मध्यमवयातही वाढते आणि बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून राहतात. पुढे शाय आणि शेरी विलिस यांनी ६४ ते ९५ वयातल्या, चौदा वर्षांत खरोखर घसरण झालेल्या माणसांना तर्काच्या किंवा आकृती ओळखण्याच्या सरावाचे अवघे पाच तास दिले. घसरण झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के माणसं चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीला परत आली. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी हे पाच तास लक्षात ठेवावेत.

पाउल बाल्टेस यांनी वार्धक्यातल्या विकासाची रीत समजावताना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण दिलं आहे. ऐंशीच्या वयात इतकं चांगलं कसं वाजवता, या प्रश्नाला रुबिनस्टाइन यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. कमी रचना निवडतो, त्यांचाच जास्त रियाज करतो, आणि जलद भाग येण्याआधी लय थोडी संथ ठेवतो म्हणजे तो भाग आहे त्याहून जलद वाटतो. हात मंद झाले होते. ते मंद झाले आहेत हे ओळखून त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं, ही समज मात्र विशीत नव्हती, ती म्हातारपणी आली. विकास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ उभारलं तेव्हा ७८ वर्षांचे. आपल्या राज्यात बहुतेक सरकारी नोकरांना ५८व्या वर्षी घरी पाठवतात. कर्व्यांसारखी माणसं विरळा, हे मान्य. पण सिएटलच्या अभ्यासातली माणसं विरळा नव्हती.

माझ्या क्षेत्रातले काही सहकारी म्हणतील, तुम्ही असं लिहिलंत तर अंगणवाड्यांचा निधी कापायला सरकारला निमित्त मिळेल. ही भीती मी गंभीरपणे घेते. पण अंगणवाडीला पैसा हवा तो तीन वर्षांचं मूल आज भुकेलं आहे आणि आज शिकायला उत्सुक आहे म्हणून. ‘नंतर काही होत नाही’ हे असत्य सांगून मिळवलेला पैसा एका वयाला मिळतो आणि बाकी सगळ्या वयांना नाकारला जातो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी काढली, आणि गुरं राखायला जाणाऱ्या, शाळेचं वय निघून चाललेल्या मुलांसाठी कुरणशाळाही काढली. जिथे गुरं, तिथे शाळा. बालशिक्षणाचं काम त्यांच्याइतकं कोणी केलं असेल? तरी त्यांना मोठ्या मुलाकडे पाठ फिरवावीशी वाटली नाही.

या समजुतीची सगळ्यांत मोठी किंमत कोण देतं, हे संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. दत्तक घ्यायला येणारी बहुतेक जोडपी तान्हं बाळ मागतात. सहा-सात वर्षांचं मूल समोर आलं की चेहरे उतरतात. याच्यावर आता काय संस्कार होणार, हे आपलं कसं होणार, असं बोलणं होतं आणि मूल संस्थेतच वाढतं. समुपदेशकांनी अशा जोडप्यांना खरं ते सांगावं. पहिली काही वर्षं अवघड जातील. भाषा मागे असेल, शाळेत लक्ष लागणार नाही, मूल पाहुण्याच्या मांडीवर पटकन जाऊन बसेल आणि तुमच्याकडे यायला वेळ घेईल. काही त्रास मोठेपणीही राहू शकतो. त्यासाठी मदत कुठे मिळेल, कोणाकडे जायचं, हे त्यांच्या हातात लिहून द्यावं. पण ते मूल घडून गेलेलं आहे, असं मात्र सांगू नये, कारण ते खरं नाही.